पाच दिवसांआड

मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत कॅलेंडर घरोघरी होतं, पण दिवस मोजले जायचे पाण्यावर. मागच्या पाण्याला पाहुणे होते, ह्या पाण्याला गोधड्या निघतील, पुढच्या पाण्याच्या आत दळण आणायला हवं, असं बाया बोलायच्या आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटायचं नाही. नळ यायचा सकाळी अकराला आणि साडेबाराला जायचा. म्हणायला दीड तास. पण त्याच्या आधी वाट पाहणं आणि नंतर सांडलेलं पुसणं, म्हणजे दिवस गेलाच.

तनुजाच्या घरात माणसं तीन. नवरा कृष्णा वाळूजच्या एका कंपनीत, सकाळी सहाच्या बसनं जायचा तो चारला परतायचा. सासू दगडाबाई, दोन्ही गुडघे गेलेले. कॉटवरून उठून भिंतीला धरत देव्हाऱ्यापाशी यायचं, एवढीच तिची दिवसाची मजल. आणि तिसरी तनुजा. नळ दारापुढं कमरेएवढ्या खड्ड्यात होता, कारण पाण्याला जोर नव्हता, वर चढायचंच नाही. त्या खड्ड्यात उतरायचं, हंडा लावायचा, भरला की वर काढून ड्रमात ओतायचा, पुन्हा उतरायचं. शेजारणीला सांगावं, तर त्या वेळी प्रत्येक शेजारीण आपापल्या खड्ड्यात. शिवाय देवाचं पाणी दुसऱ्या कुणी भरलेलं दगडाबाईला चालत नसे. त्यामुळं पाण्याच्या दिवशी तनुजानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे कुणी न ठरवता ठरलेलं होतं. तेरा वर्षं.

गेल्या वर्षी ह्याच पायी तिचा पेपर बुडाला. ती अजिंठ्याची, सातवीनंतर शाळा सुटलेली. मुक्त शाळेतून बाहेरून आठवीला बसता येतं, हे तिला दोन घरं सोडून राहणाऱ्या शाइस्तानं सांगितलं. शाइस्ता मराठी शाळेत शिकवायची. तिच्याकडं रोज तासभर जाऊन तनुजानं सगळे विषय काढले. गणित तेवढं राहिलं, कारण गणिताच्या दिवशी पाणी आलं. राहिलेला विषय वर्षाच्या आत द्यायचा होता. ह्या खेपेलाही चुकला, तर आधीचे सगळे विषय रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पहिल्यापासून तिला कुणी बसू देणार नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या मंगळवारी तिनं पेपरासाठी व्रत धरलं. मोठं काही नाही. रोज सकाळी एक फुलवात तुपात भिजवून लावायची आणि ती शांत होईपर्यंत हात जोडून बसायचं. तिसावी वात लागेल त्या सकाळी पेपर. तीस वाती आदल्या दिवशीच वळून तिनं पितळी डबीत ठेवल्या होत्या. पहिली लावली, आणि अकराला पाणी आलं.

पाणी सोडणारा बन्सी खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून गल्लीतून जाताना प्रत्येक दाराशी तेच सांगत होता. खाली पाइपाचं काम निघालंय, आता महिना-दीड महिना पाणी पाच दिवसांआड.

"लिहून ठेवा वहिनी," तो तनुजाला म्हणाला. "मागून मला शिव्या नका घालू."

संध्याकाळी दिवेलागणीला दगडाबाईनं सुनेला देव्हाऱ्यापाशी बोलावलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. उलट ती हळूच बोलत होती.

"गेल्या साली तू गेली नाय, अन् महिनाभर माज्याशी धड बोलली नाय. मी काय पाणी बलवलं होतं व्हय? आता देवावर सोड. पेपर कोरड्या दिशी आला तर खुशाल जा, मी शबुद काढणार नाय. पाण्याच्या दिशी आला, तर त्याच्या मनात नाय असं समजायचं. लाव समईला हात."

तनुजानं हात लावला. दुसरं काय करणार होती? लहानपणापासून तिनं गुरुवार चुकवला नव्हता, चतुर्थी चुकवली नव्हती. तापानं फणफणलेली असतानासुद्धा संध्याकाळचा दिवा लावल्याशिवाय पाठ टेकली नव्हती. समईला हात लावून दिलेला शब्द म्हणजे कुलूप, आणि ते तिनं आपल्याच हातानं लावलं.

मग ती स्वयंपाकघरात आली आणि पीठ मळता मळता हिशेब केला. आदल्याच आठवड्यात शाइस्तानं विभाज्यतेच्या कसोट्या शिकवल्या होत्या. भागाकार न करताच कळतं कोणत्या संख्येला कशानं भाग जातो, ह्याचा तनुजाला भारी आनंद झाला होता. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण आता तिला कॅलेंडर कशाला हवं? पाच दिवसांआड म्हणजे दर सहाव्या दिवशी. पेपर तिसाव्या वातीला. तीसच्या शेवटी शून्य, म्हणजे दोननं भाग जातो. तीन आणि शून्य तीन, म्हणजे तीननं जातो. दोननं जातो आणि तीननंही जातो, म्हणजे सहानं जाणारच. सहा पंचे तीस. बाकी शून्य.

पिठातला हात तसाच राहिला. मग वाटलं, बन्सीचं ऐकण्यात काही चूक झाली असेल. आड-बिड नाही, पाचव्या पाचव्या दिवशी असेल. पण तीसच्या शेवटी शून्य होतं, पाचनंही भाग जात होता. तिसऱ्या दिवशी म्हणा, दुसऱ्या दिवशी म्हणा, कुठूनही या, तीस सापडतच होता. ज्या कसोट्यांनी इतका आनंद दिला होता, त्या एकामागून एक येऊन दाराला कडी घालत होत्या. एक तरी बाकी उरावी, एवढंच तिला हवं होतं. बाहेर स्टेशनावरून गाडी सुटल्याचा आवाज आला. तेरा वर्षांत ती त्या गाडीत बसली नव्हती, पण आवाजावरून कोणती ते ओळखायची.

दगडाबाईनं कॉटवरूनच विचारलं, किती झाले मोजून. तनुजा म्हणाली, पाण्याच्याच दिवशी येतोय. दगडाबाईनं देव्हाऱ्याकडं हात जोडले. मग "देवाची मर्जी," एवढंच.

बुधवारी ती शाइस्ताकडं गेली नाही. गुरुवारीही नाही. वात मात्र रोज लावत होती. धरलेलं व्रत सोडायचं नसतं, मग मागण्यासारखं काही उरो न उरो. हात जोडून बसायची आणि काय मागावं ते सुचायचं नाही. वात शांत व्हायची, ती उठून भाकरीला लागायची.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर शाइस्ता आपण होऊन आली.

"क्या हो भाभी, पेपर तुमचा आहे का माझा?" दारातच तिनं चप्पल काढली. "दोन दिवस झाले, मी वही उघडून बसलेय. पोरांनी दांडी मारली तर कान धरते. तुमचं काय धरू?"

तनुजानं चहा ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. समईचं सांगताना आवाज अगदीच बारीक झाला. शाइस्ता हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही. ती स्वतः पाच वेळची नमाज सांभाळणारी. दिलेला शब्द म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"शब्द दिला, मग मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "पण पेपरला जा नाहीतर नका जाऊ, लसावि आपण अर्धवट सोडायचा नाही. पाणी सहा दिवसांनी येतं. कचऱ्याची गाडी समजा चार दिवसांनी येते. आज दोन्ही आले. पुन्हा दोन्ही एकाच दिवशी कधी?"

तनुजानं बोटांवर सहाचा पाढा धरला, मग चारचा. "बारा दिवसांनी."

"का?"

"बारा दोघांच्या पाढ्यात पहिल्यांदा येतो म्हणून. अन् त्या दिवशी मी एक पाय खड्ड्यात अन् एक पाय गाडीमागं."

शाइस्ता तेव्हा हसली. मग वहीत तिनं तीस लिहिला आणि त्याचे विभाजक काढायला लावले. एक, दोन, तीन, पाच, सहा, दहा, पंधरा, तीस. आठ झाले. तनुजा त्या रांगेकडं बघत राहिली. आठ जणांना दार उघडं असलेलं घर. तिनं विचारलं, जिला कुणीच भागत नाही अशी नसते का?

"असते की. मूळ संख्या. तीसच्या शेजारीच आहे बघा, एकोणतीस. एक आणि ती स्वतः, तिसरं कुणी नाही. अलीकडं एकोणतीस, पलीकडं एकतीस, दोघीही तशाच."

"मधीच तेवढा तीस," तनुजा म्हणाली, आणि वही मिटली.

रविवारी सहावी वात. त्या दिवशी पाणी येणार म्हणून तिनं सकाळीच ड्रम घासले, हंडे उपडे करून ठेवले, पदर खोचला आणि अकराच्या आधीच खड्ड्याच्या कडेला येऊन बसली. अकरा वाजले, बारा वाजले. नळातून सुस्काराही निघाला नाही. कॉटवरून दगडाबाई दर थोड्या वेळानं विचारायची, आलं का, आणि ही म्हणायची, नाही. कृष्णाला रविवारची सुट्टी होती, पण तो लग्नाला गेला होता. दीड वाजला. उठून आत जावं तर न जाणो तेवढ्यात येईल. समोरची पारूबाई आपल्या खड्ड्याच्या कडेला, ही आपल्या. गल्लीभर बाया अशा बसलेल्या, जसं कुणी एकेकीला एकेका खुंटीला बांधलंय. दोनला पारूबाईनं बन्सीच्या नावानं बोटं मोडली आणि दार लावून घेतलं.

पाणी आलं सोमवारी. बन्सी चावी घेऊन गल्लीत शिरला तशा बाया त्याच्यावर तुटून पडल्या. पारूबाई सगळ्यांत पुढं.

"काल का सोडलं नाय रं? दिसभर उन्हात वाळवलं आम्हाला."

बन्सी थांबला. चावी खाली टेकवली. त्याला राग आला होता, पण तो राग हिशेबातल्या माणसाचा होता.

"काल कुठं पाळी होती, मावशी? मंगळवारी सोडलं. बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी. पाच कोरडे. आज सोमवार, आज सोडलं. पाच दिवसांआड म्हंजी पाच मधी कोरडे. काय चुकलं?"

"मंगळवार धरला का नाय तू?"

"सोडल्याचा दिस धरत असत्यात व्हय? तुमच्या उपासतापासाला धरा, माज्या चावीला नाय धरत."

बाया कुरकुरत आपापल्या खड्ड्यांत उतरल्या. तनुजाही उतरली. हंडा नळाखाली लावला आणि तशीच उभी राहिली. आज सातवी वात लावली होती. सातवी. पण पाण्याचा सहावा दिवस. मंगळवारची वात एक नंबरची, कारण संकल्पाचा दिवस धरायचाच असतो. आई तसंच शिकवून गेली होती: एकवीस दिवसांचं व्रत म्हणजे बसल्या दिवसापासून एकवीस. पण बन्सीचा मंगळवार एक नव्हता, शून्य होता. मग पेपर तिसाव्या वातीला म्हणजे मंगळवारपासून...

"अगं भरलं की, वाहतंय," दगडाबाई आतून ओरडली.

पाणी हंड्यावरून तिच्या पावलांवर पडत होतं, गुडघ्यांकडं चढत होतं. मंगळवारपासून एकोणतीस दिवस. सहा चोक चोवीस, बाकी पाच. पाच उरत होते. सहानं भाग जात नव्हता. पाचनं नाही, तीननं नाही, दोननंही नाही.

तिनं सगळे ड्रम भरून घेतले. जेवणं उरकल्यावर एक ताट पुसून तिनं कॉटवर दगडाबाईच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यात दाणे मांडायला लागली. पाण्याच्या दिवसाला शेंगदाणा, कोरड्या दिवसाला हरभरा. एक शेंगदाणा, पाच हरभरे. पुन्हा एक शेंगदाणा, पाच हरभरे.

दगडाबाईनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आता काय खेळ मांडला? तूच म्हणली सहा पंचे तीस."

"ते मी आज धरून मोजलं आत्याबाई. व्रत आज धरून मोजायचं असतं. पाणी आज सोडून. बोट ठेवा तुम्ही."

दगडाबाईचं बोट पहिल्या शेंगदाण्यापासून निघालं. एक, दोन, तीन. सातव्याला शेंगदाणा, आजचं पाणी. तेरावा शेंगदाणा. एकोणिसावा. पंचविसावा. बोट पुढं सरकलं. तिसाव्यावर थांबलं. हरभरा होता. त्याच्या पुढं, अगदी चिकटून, शेंगदाणा.

ती पुन्हा पहिल्यापासून निघाली. मग तिसऱ्यांदा. तिला वाटलं सुनेनं एखादा दाणा हळूच सरकवला असेल, म्हणून तिसऱ्या वेळी दुसरा हात ताटाच्या कडेवर आडवा धरून मोजलं. तिसावा हरभराच निघाला.

दगडाबाईनं ताटावरचा हात काढला, आणि बोलली ते भलतंच.

"आमच्या गावात आड होता. चार दिसाआड एकेका वाडीची पाळी. माय लई आजारी हाय म्हणून सांगावा आला. मी म्हणलं, उद्या पाळी हाय, पाणी भरून ठिवते अन् निघते. घागरी घिऊन दिसभर बसले. पाळी दुसऱ्या वाडीची निघाली. बाया म्हणल्या, तुजी उद्या." तिनं पदरानं ओठ पुसले. "मागच्या पाळीचा दिस धरला होता मी. नसता धरायचा, व्हय?"

शेवटी माय भेटली का, हे तनुजानं विचारण्याची गरज नव्हती.

दगडाबाईनं ताटातला तिसावा हरभरा उचलला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. मग बाकीचे दाणे डब्यात भरून ठेव म्हणाली, उगाच वाया कशाला.

राहिलेले दिवस तनुजानं वहीत डोकं घालून काढले. तरी धाकधूक सुटली नव्हती. पाढा बन्सीच्या चावीवर चालत होता, आणि चावी माणसाच्या हातात होती. पाइपाचं काम आधीच संपलं तर? तेराव्या दिवशी पाणी आलं, एकोणिसाव्या आलं, पंचविसाव्याही आलं. दर वेळी खड्ड्यात उतरताना तिला वाटायचं, आपण सुटलो नाही, फक्त भिंत एक वीत सरकली आहे.

बुधवारी तिसावी वात लावली. तूप जरा जास्त होतं, वात लवकर शांत होईना. पेपर दहाला. ती उठली, ओळखपत्र पिशवीत घातलं, सासूच्या पाया पडली आणि उंबऱ्यात आली, तोच खड्ड्यातून आवाज आला. नळ घुरघुरत होता.

ती तिथंच थिजली. एक पाय बाहेर, एक आत. मागून दगडाबाई भिंतीला धरत, कण्हत, एकेक पाऊल टाकत आली आणि खड्ड्याच्या कडेशी उभी राहिली. दोघी ऐकत होत्या. नळ फुसफुसला, थांबला, पुन्हा घुरघुरला. तांबूस पाण्याचा एक थेंब पडला. मग आणखी एक.

शब्द समईवरचा होता. पाणी आलं तर नाही जायचं. तनुजानं पिशवीचा बंद आवळून धरला.

नळ गप्प झाला. तिसरा थेंब तोटीच्या टोकाशी लोंबत राहिला, पडला नाही.

"हवा हाय," दगडाबाई म्हणाली. "दोन थेंबाला पाणी म्हणत नाय कुणी. जा."

रिक्षात बसेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

पेपर तीन तासांचा होता. शाळेच्या आवारात कुठंतरी नळ टपकत होता, आणि त्या आवाजानं तिची मान दोन-तीनदा आपोआप वर गेली. पण तिथं भरायचं काही नव्हतं. तिनं पुन्हा मान खाली घातली आणि लिहीत राहिली.

परतली तेव्हा दीड वाजून गेला होता. गल्लीत शिरताना तिची नजर आधी दारातल्या ड्रमांवर गेली. कोरडे होते. आणि खड्ड्याच्या कडेला, उन्हात, पाटावर दगडाबाई बसलेली होती. पुढं एक हंडा. सकाळी बसली ती बसलीच. गुडघे आखडले होते, एकटीला उठता येत नव्हतं. चार तास ती तशीच नळावर डोळा ठेवून होती.

"आलं नाय," ती म्हणाली. "आता मला उठव आधी."

दुसऱ्या दिवशी अकराला पाणी आलं. एकतिसावा दिवस, किंवा तिसावा. ज्याचा जसा हिशेब. गुरुवारचा उपास होता. तनुजा पदर खोचून खड्ड्यात उतरली, हंडे वर देत राहिली, पाठ तशीच दुखत होती, दार तसंच होतं. दगडाबाई कॉटवर नव्हती. पाट ओढून उंबऱ्यात बसली होती आणि भरलेल्या ड्रमांवर झाकणं घालत होती. मधेच तिनं विचारलं, निकाल कधी लागणार.

"पंचेचाळीस दिवसांनी म्हणालेत," तनुजा खड्ड्यातून म्हणाली.

दगडाबाईनं बोटं मोजायला हात वर धरला, आणि मग तसाच थांबवला.

"आज धरून," तिनं विचारलं, "का आज सोडून?"